विश्लेषण : ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या चांदीच्या खंजिराची खरी किंमत कोणी मोजली?

जुलै २०१५ मध्ये लंडनच्या ‘ख्रिस्तीज’मध्ये एका खंजिराचा लिलाव झाला. पोलादी पाते, चांदीचे म्यान, त्यावर सोन्याचा मुलामा आणि बारीक नक्षी. त्याला १ लाख २२ हजार ५०० पौंड मिळाले. त्या वेळच्या दराने ही रक्कम १ कोटी २० लाख रुपयांच्या आसपास जाते. त्याच मालकाचा अरबी पोशाख मात्र १२ हजार ५०० पौंडांत गेला. या दोन्ही वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने २०१६ मध्ये त्यांच्या निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली. हा खंजीर थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा, म्हणजेच ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चा होता. अरबांनी तो त्याला का दिला आणि त्याने तो स्वतःजवळ का ठेवला नाही, हे समजून घ्यायचे तर त्याचे आयुष्य पाहावे लागते.

लॉरेन्स कोण होता?

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमाडॉग या गावी झाला. ‘लॉरेन्स’ हे त्याच्या घराण्याचे खरे आडनाव नव्हते. वडील थॉमस चॅपमन हे आयर्लंडमधील जमीनदार. पहिली पत्नी आणि मुली सोडून ते घरातील मुलींच्या शिक्षिकेसोबत राहू लागले. या दोघांचे लग्न कधीच झाले नाही. नवे आडनाव घेऊन, गावे बदलत, अखेर १८९६ मध्ये हे कुटुंब ऑक्सफर्डला स्थिरावले. आपले नाव उसने आहे, हे लॉरेन्सला लहानपणीच कळले होते. पुढे त्याने स्वतःहून दोनदा नाव बदलले.

किल्ले पाहण्याचा त्याला नाद होता. १९०९ च्या उन्हाळ्यात त्याने धर्मयुद्धकाळातील किल्ल्यांचा अभ्यास करण्यासाठी सीरियात सुमारे १,६०० किलोमीटरची पायपीट केली. त्यावरील प्रबंधाला ऑक्सफर्डमध्ये प्रथम श्रेणी मिळाली. १९११ ते १९१४ या काळात तो आजच्या तुर्की-सीरिया सीमेवरील कार्केमिश येथे उत्खननात होता. मजुरांशी बोलत, त्यांचे तंटे सोडवत तो अरबी शिकला. ऑटोमन साम्राज्याच्या मुलखातील माणसे आणि वाटा त्याला कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यांपेक्षा जास्त माहीत झाल्या. म्हणूनच महायुद्ध सुरू झाल्यावर डिसेंबर १९१४ मध्ये त्याला कैरोच्या लष्करी गुप्तवार्ता विभागात घेण्यात आले.

पुण्याच्या फौजेशी त्याचा काय संबंध?

लॉरेन्सच्या पहिल्या मोठ्या कामगिरीचा धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. ब्रिटिश हिंदी सैन्याची ६ वी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून आजच्या इराकमधील कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, सुटकेचे प्रयत्न फसले.

एप्रिल १९१६ मध्ये तुर्की सेनापती खलील पाशाशी बोलणी करण्यासाठी जे अधिकारी पाठवले, त्यांत लॉरेन्स होता. फौज सोडण्याच्या बदल्यात २० लाख पौंडांपर्यंत रक्कम देण्याची ब्रिटिशांची तयारी होती. खलीलने नकार दिला. २९ एप्रिलला सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले आणि त्यांतील हजारो जण कैदेत मरण पावले. त्याआधीच्या वर्षी लॉरेन्सचे दोन भाऊ फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले होते. समोरासमोरच्या लढाईत माणसे खर्ची घालण्यापेक्षा तुर्कांविरुद्ध अरबांनाच उभे करावे, या विचाराचा कैरोत जोर होता. लॉरेन्स त्याच गटातला होता.

अरबांमध्ये तो कसा मिसळला?

जून १९१६ मध्ये मक्केचा शरीफ हुसेन याने ऑटोमन सत्तेविरुद्ध बंड पुकारले. ‘शरीफ’ म्हणजे प्रेषितांच्या वंशातील मानले जाणारे घराणे. ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स जेद्दाला उतरला आणि उंटावरून आत जाऊन हुसेनचा मुलगा फैजल याला भेटला. बंडाचे नेतृत्व हाच करू शकेल, असे त्याने कैरोला कळवले आणि पुढे फैजलचा सल्लागार म्हणून तो तेथेच राहिला.

खाकी गणवेश म्हणजे टोळीवाल्यांच्या नजरेत तुर्की अधिकारी. म्हणून फैजलने त्याला अरबी पोशाख घालण्यास सुचवले. मक्केहून फैजलच्या नात्यातील एका वृद्धेने पाठवलेली पांढरी रेशमी, जरीकाम केलेली लग्नाची वस्त्रे त्याच्या अंगावर आली. या पोशाखामुळे तो फैजलच्या तंबूत कोणाच्या भुवया न उंचावता ये-जा करू लागला. वस्त्रे देण्यामागे सोय होती. खंजीर त्यापुढची पायरी होती. कमरेला कोणता खंजीर आहे, यावरून तेथे माणसाचा दर्जा ओळखला जाई.

या खंजिराचे वेगळेपण कशात?

मराठीत ‘जंबिया’ हा शब्द पूर्वीपासून आहे. तो अरबी भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी ‘बाजू’ या अर्थाचा शब्द आहे. जंबिया म्हणजे बाजूला खोचायचे शस्त्र. हेजाझमधील शरीफ मंडळी मात्र तो पोटावर, अगदी मधोमध, उभा बांधत. मूठ छातीकडे, म्यानाचे टोक वर वळलेले आणि खाली जरीचा रुंद पट्टा. दुरूनही दिसावा, हाच हेतू.

पाते दुधारी आणि किंचित वाकडे असते. त्याच्या मधोमध एक कणा उठवलेला असतो. पत्र्याला घडी घातली की तो सहज वाकत नाही, तेच तत्त्व येथे आहे. कण्यामुळे पाते पातळ आणि हलके ठेवूनही ताठ राहते.

म्यान पाहणाऱ्याची फसगत करते. ते इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे वर वळलेले असते, त्यामुळे पातेही तितकेच वळलेले असेल असे वाटते. प्रत्यक्षात पाते वळणापाशीच संपते. पुढचा वळलेला भाग निव्वळ शोभेचा असतो. आत लाकडाचा गाभा आणि त्यावर चांदीचा पत्रा. नक्षी फक्त दर्शनी बाजूला असते, पोटाला टेकणारी बाजू साधी ठेवतात.

या नक्षीचे मुख्य प्रकार तीन. पहिला उठावाचा. पत्रा राळेसारख्या मऊ थरावर ठेवून मागून ठोकला जातो, मग पुढून रेषा कोरल्या जातात. दुसरा तारकामाचा. चांदीची कांडी एकाहून एक लहान छिद्रांच्या पोलादी पट्टीतून ओढत केसासारखी बारीक तार काढतात आणि ती पिळून, वळवून वेलबुट्टी करतात. ओडिशातील कटकची तारकशी पाहिली असेल, तर हे काम लगेच ओळखता येईल.

तिसरा प्रकार रव्यांचा. चांदीच्या तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत ठेवून तापवले की ते वितळतात आणि पृष्ठताणामुळे आपोआप गोल होतात. हे रवे एकेक करून पत्र्यावर मांडले जातात. मग कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरून ते झाळले जातात. कसोटी येथेच असते. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, मिश्र चांदी त्याआधीच. आच थोडी कमी पडली तर रवे चिकटत नाहीत, थोडी जास्त झाली तर सगळी नक्षी एकजीव होऊन सपाट होते. तापमापक नसताना कारागीर हे धातूच्या बदलत्या रंगावरून ओळखत असे.

शेवटी मुलामा. पारंपरिक पद्धतीत सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप चांदीवर देत आणि तो तापवत. पारा उडून जाई, सोने चिकटून राही. ती वाफ विषारी असते. अशा मुलाम्याची किंमत सोनाराचे शरीर मोजत असे.

चांदी कुठून येत असे?

अरबस्तानातील कारागिरांसाठी चांदीचा मोठा स्रोत म्हणजे नाणी. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसाचा ‘थालर’ हा रुपया अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेत सर्रास चालत असे. वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात चांदी ८३ टक्क्यांच्या वर. सम्राज्ञी १७८० मध्ये वारली, तरी पुढची दीडशेहून अधिक वर्षे त्यावर १७८० हेच साल छापले गेले. कारण लोकांचा विश्वास त्याच छापावर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे नाणे मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. शुद्धता ठरलेली असल्याने कारागीर नाणी मोजून घेत, वितळवत आणि त्यातून दागिने व म्याने घडवत. गरज पडली तर म्यान पुन्हा वितळवता येई. कमरेचा खंजीर ही त्या माणसाची चालती-बोलती बचतही होती.

लॉरेन्सला तो कशासाठी मिळाला?

लिलावात विकला गेलेला खंजीर शरीफ नासिरने लॉरेन्सला अकाबाच्या विजयानंतर, १९१७ मध्ये दिला, असे मानले जाते. नासिर हा मदिनेच्या शरीफ घराण्यातील. अकाबा हे तांबड्या समुद्राच्या टोकावरील बंदर. समुद्राकडून ते घेणे अवघड होते, म्हणून वाळवंट ओलांडून मागच्या बाजूने जायचे ठरले.

९ मे १९१७ रोजी छोटी तुकडी वज्ह बंदरातून निघाली. तिचा प्रमुख नासिर होता आणि हुवैतात टोळीचा लढवय्या औदा अबू ताई सोबत होता. मोहिमेची सूत्रे अरबांच्या हाती होती, लॉरेन्स सोबतचा ब्रिटिश अधिकारी होता. निर्णायक चकमक २ जुलैला अबा-अल-लिसान येथे झाली. तुर्कांचे सुमारे ३०० सैनिक पडले, अरबांचे दोघे. ऐन धावपळीत लॉरेन्सची गोळी त्याच्याच उंटाच्या डोक्यात लागली आणि तो जमिनीवर आपटला. ६ जुलैला अकाबा पडले. मग सिनाईचे वाळवंट ओलांडून लॉरेन्स सुएझला पोहोचला आणि अरबी वेशातच सेनापती अ‍ॅलनबीपुढे उभा राहिला. ब्रिटिश दप्तरात हा विजय लॉरेन्सच्या नावाने नोंदला गेला. अरब इतिहासकार याच मुद्द्यावर आजही आक्षेप घेतात.

मग खंजिराचे ओझे का वाटले?

कारण त्याला एक गोष्ट माहीत होती. अरबांना स्वातंत्र्याचे आश्वासन देत असतानाच, मे १९१६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने साइक्स-पिको हा गुप्त करार करून ऑटोमन अरब प्रदेशाची आपसात वाटणी ठरवली होती. अकाबाच्या वाटेवर असतानाच, जून १९१७ मध्ये, लॉरेन्स एका धोकादायक टेहळणीसाठी दमास्कसच्या दिशेने गेला. त्या वेळी त्याने आपल्या वरिष्ठाला उद्देशून टिपण लिहिले. अरबांना आपण एका खोट्यासाठी लढायला बोलावतो आहोत आणि ते सहन होत नसल्याने वाटेतच मरण आले तर बरे, असा त्याचा आशय होता.

त्यानंतर काही आठवड्यांतच विश्वासाची खूण म्हणून शरीफांचा खंजीर त्याच्या कमरेला आला. देणाऱ्याने तो मनापासून दिला होता. घेणारा मात्र काय लपवत होता, हे त्यालाच ठाऊक होते.

तरीही तो थांबला नाही. रेल्वेमार्ग उडवणे, गाड्यांवर हल्ले, टोळ्यांना सोन्याची नाणी वाटणे सुरूच राहिले. सप्टेंबर १९१८ मध्ये तफास गावात तुर्कांनी केलेल्या कत्तलीनंतर त्याच्या सोबतच्या फौजेने कैद्यांनाही सोडले नाही, आणि त्याची जबाबदारी त्याने स्वतःच्या लेखनात नाकारलेली नाही. १ ऑक्टोबरला दमास्कस पडले. तीनच दिवसांनी लॉरेन्स तेथून निघाला.

युद्धानंतर काय झाले?

३० ऑक्टोबर १९१८ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राजे पाचवे जॉर्ज त्याला सन्मानचिन्हे देणार होते. लॉरेन्सने ती राजाच्या समोरच नम्रपणे नाकारली. अरबांना दिलेला शब्द पाळला जाणार नाही, हे त्याचे कारण होते. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत तो फैजलसोबत अरबी शिरोवेष्टन घालून वावरला. पण जुलै १९२० मध्ये फ्रेंच फौजांनी फैजलला दमास्कसमधून हुसकावले. पुढच्या वर्षी चर्चिलचा सल्लागार म्हणून लॉरेन्सने खटपट केली आणि फैजल इराकचा राजा झाला, तर त्याचा भाऊ अब्दुल्ला ट्रान्सजॉर्डनचा अमीर. वचनाची ही अर्धीमुर्धी भरपाई होती.

याच काळात अमेरिकी पत्रकार लॉवेल थॉमसच्या चित्र-व्याख्यानांनी लंडनमध्ये गर्दी खेचली आणि पांढऱ्या झग्यातील, कमरेला खंजीर लावलेला लॉरेन्स जगभर पोहोचला. १९२१ मध्ये शिल्पकार कॅथलीन स्कॉट त्याची छोटी मूर्ती घडवत होती. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटची ती पत्नी. मूर्तीसाठी आणलेला पोशाख आणि नासिरचा खंजीर लॉरेन्सने तिच्याकडेच ठेवून दिला. तोच पुढे लिलावात आला.

त्याचा आणखी एक खंजीर होता. आकाराने लहान आणि सोन्याचा. तो मक्केच्या बाजारातील गासीन नावाच्या, मूळच्या नज्दमधील वृद्ध सोनाराने घडवला, असे लॉरेन्सने लिहून ठेवले आहे. या साऱ्या कथेत कारागिराचे नाव हाती लागते ते एवढेच. १९२३ मध्ये लॉरेन्सने हा खंजीर आपला मित्र लायनेल कर्टिसला विकला आणि त्या पैशांतून डॉर्सेटमधील ‘क्लाउड्स हिल’ या पडक्या घराचे छप्पर दुरुस्त केले.

तो मुंबईत कसा आला?

ऑगस्ट १९२२ मध्ये कर्नल लॉरेन्स ‘जॉन ह्यूम रॉस’ या नावाने हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. वृत्तपत्रांनी ते उघड केल्यावर त्याला काढून टाकले. मग ‘टी. ई. शॉ’ या नावाने तो रणगाडा दलात गेला आणि १९२५ मध्ये हवाई दलात परतला. ‘सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम’ची मर्यादित आवृत्ती १९२६ मध्ये निघाली. तिची प्रसिद्धी टाळण्यासाठी त्याने परदेशातील नेमणूक मागितली.

१९२७ च्या सुरुवातीला तो कराचीला आला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे लॉरेन्स एका अर्थी मुंबई सरकारच्या हद्दीत राहत होता. इंजिनांच्या नोंदी ठेवायच्या, असे त्याचे काम होते. १९२८ मध्ये त्याला अफगाण सीमेवरील मीरनशाहला पाठवले. तेवढ्यात अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध बंड पेटले आणि त्यामागे लॉरेन्सच आहे, अशा बातम्या पसरल्या. सरकारची पंचाईत झाली. त्याला घाईने हलवून जानेवारी १९२९ मध्ये मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ या बोटीने इंग्लंडला रवाना करण्यात आले.

नंतरची वर्षे त्याने हवाई दलासाठी वेगवान बचाव नौका तयार करण्याच्या कामात घालवली. फेब्रुवारी १९३५ मध्ये तो निवृत्त झाला. १३ मे रोजी घराजवळच सायकलवरील दोन मुलांना वाचवताना त्याची ‘ब्रफ सुपिरियर’ मोटरसायकल घसरली. डोक्याला मार लागला आणि १९ मे रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स याने पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. त्या संशोधनातून हेल्मेटचे महत्त्व सिद्ध झाले.

खंजीर आज कुठे आहेत?

निर्यातबंदीनंतर निधी उभा करून लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने नासिरचा खंजीर आणि पोशाख मिळवला. सोन्याचा खंजीर ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजकडे आहे.

जुन्या शस्त्रांच्या बाजारात मोल चार गोष्टींवर ठरते. धातू, कारागिरी, अवस्था आणि मालकाचे नाव. या खंजिराच्या बाबतीत चौथ्या गोष्टीने उरलेल्या तिन्हींना झाकून टाकले. लिलावातील बोली ‘लॉरेन्स’ या नावावर लागली. चांदीचे रवे मांडणाऱ्या हातांची नोंद कुठेच नाही. ज्या नासिरने तो दिला, त्याचे नावही आज या खंजिरामुळेच अनेकांच्या वाचनात येते. ब्रिटनने हा खंजीर देशाचा ठेवा म्हणून राखला. तो देणाऱ्यांना दिलेला शब्द मात्र राखला गेला नाही. लॉरेन्सला ते शेवटपर्यंत टोचत राहिले. सन्मानचिन्हे त्याने नाकारली, नाव टाकले आणि हे दोन्ही खंजीरही जवळ ठेवले नाहीत.